रजेवरच्या बंद्याचे कागद

माझा मोठा भाऊ जन्मठेपेची शिक्षा भोगतोय. २००९ साली अटक झाली, २०११ साली निकाल लागला. खटल्याबद्दल मी काही लिहिणार नाही. कोर्टाने दिला तो निकाल आम्ही मानला, आणि ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांच्यापुढे आपलं गाऱ्हाणं मांडायचं नाही, हे आईने घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. मला लिहायचंय ते दादाच्या रजांच्या कागदांबद्दल. एवढ्या वर्षांत जेल, पोलीस ठाणं, कोर्ट, ग्रामपंचायत अशा ज्या चकरा झाल्या, त्यातल्या बहुतेक एखादं नाव, एखादा पत्ता, एखादी तारीख बरोबर लिहिली जावी एवढ्यासाठीच होत्या. मी पतसंस्थेत कारकून आहे. नोंद चुकली की काय होतं हे मला रोजच्या कामातून माहीत आहे. तिथे पैसे अडकतात, इथे माणूस अडकतो.

महाराष्ट्रात हे सगळं चालतं १९५९ च्या फर्लो आणि पॅरोलच्या नियमांवर. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत आल्या आहेत. फर्लो म्हणजे संचित रजा, पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. बाहेरचे लोक दोन्हीला सरसकट पॅरोल म्हणतात, पण बंद्याच्या, म्हणजे कैद्याच्या, घरच्यांनी फरक पक्का लक्षात ठेवावा. संचित रजा ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर आणि वागणूक चांगली असली तर मिळते. तिला वेगळं कारण द्यावं लागत नाही, मंजुरी कारागृह उपमहानिरीक्षक देतात, आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजेला कारण लागतं: आजारपण, घरातलं लग्न, मयत. नेहमीच्या प्रकारात ती विभागीय आयुक्तांकडून येते आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, तेवढी शिक्षा पुढे सरकते. म्हणजे कोणती रजा होती, कोणत्या तारखेला सुटला आणि कोणत्या तारखेला हजर झाला, यावरून माणूस शेवटी कधी सुटणार ते ठरतं. बंद्याला हे सगळं तोंडपाठ असतं. पण तोंडपाठ असून काही होत नाही, नोंदवहीत असावं लागतं.

दादाने पहिल्यांदा संचित रजेचा अर्ज केला २०१५ मध्ये. अर्ज बंदी आतून करतो. जेलचा न्यायविभाग त्याला नॉमिनल रोल जोडतो, म्हणजे नाव, वय, पत्ता, कलम, शिक्षा, किती भोगली, शिक्षेत किती दिवसांची माफी मिळाली, आधी रजा घेतली का, वेळेवर परतला का, असा एक तक्ता. मग गावच्या पोलीस ठाण्याकडे चौकशीला कागद येतो. पत्ता खरा आहे का, जामीनदार कोण, तो बंद्याला सांभाळेल का, गावात आला तर वाद होईल का. ज्यांचा माणूस गेला त्या कुटुंबाचाही जबाब घेतात, आणि तो घ्यायलाच हवा. माणूस कधी बाहेर येणार आहे आणि कुठे राहणार आहे हे त्यांना कळलं पाहिजे. पत्ता खरा लिहिण्यात त्यांचंही हित आहे, हे मला तेव्हा नव्याने जाणवलं.

जामीनदार मीच राहिले. आईचं वय झालेलं, आणि माझी नोकरी कायम. बीट अंमलदार घरी आले, चहा घेतला, कागद बघितले आणि म्हणाले, "ताई, आडनाव तर वेगळं आहे. बहीण आहात याला कागद काय?" लग्नाचा नोंदणी दाखला काढून ठेवला होता, त्यावर माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावं आहेत. ते भागलं. अडलं भलतीकडेच. दादाच्या वॉरंटवर, म्हणजे शिक्षा झाल्यावर कोर्ट जेलला पाठवतं त्या कागदावर, वडिलांचं नाव ज्ञानोबा. शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर ज्ञानदेव. गावात आमच्या वडिलांना सगळे ज्ञानोबाच म्हणायचे. अटकेच्या वेळी कोणीतरी तेच सांगितलं, ते फिर्यादीत गेलं, फिर्यादीतून दोषारोपपत्रात, तिथून निकालात, निकालातून वॉरंटवर आणि वॉरंटवरून जेलच्या प्रत्येक वहीत. पोलिसांचा अहवाल गेला की वॉरंटवरच्या नावाच्या माणसाचं कुटुंब सदर पत्त्यावर आढळून येत नाही. अर्ज परत.

मी जेलवर गेले. न्यायविभागातल्या लिपिकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वॉरंटवर जे आहे तेच आम्ही लिहिणार. बदल हवा तर कोर्टाचा आदेश आणा." तेव्हा मला राग आला. आज विचाराल तर मी म्हणेन, त्यांचं बरोबर होतं. जेलने नातेवाइकांच्या सांगण्यावरून नावं बदलायला घेतली तर कोण कोणाच्या वॉरंटवर आत आहे हे सांगता येणार नाही. एका बराकीत एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे दोन बंदी असणं आपल्याकडे काही नवलाचं नाही. तिथे वेगळेपण राहतं ते बंदी क्रमांक, फोटो, बोटांचे ठसे आणि ओळख खुणा यांच्या जोरावरच.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने एक वकीलबाई दिल्या. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला ही मदत मोफत मिळते, स्त्रियांनाही मिळते, उत्पन्नाची अट नाही. पुष्कळ घरांना हे माहीतच नसतं आणि ती दागिने मोडतात. बाईंनी सत्र न्यायालयात अर्ज दिला, सोबत दाखला, सातबारा, सरपंचांचं पत्र, माझं प्रतिज्ञापत्र. ज्ञानदेव ऊर्फ ज्ञानोबा ही एकच व्यक्ती आहे असा आदेश झाला आणि त्याची प्रमाणित प्रत जेलला गेली. त्या आदेशाच्या झेरॉक्स मी आजही पर्समध्ये ठेवते.

रजेवर सुटण्याच्या दिवशी जामीनदार म्हणून सही करायला मला आत कार्यालयात बोलावलं. दादाला आणलं. तुरुंगाधिकाऱ्यांनी त्याची हिस्ट्री तिकीट, म्हणजे बंद्याच्या सगळ्या नोंदींची पुस्तिका, उघडली आणि एकेक ओळख खूण मोठ्याने वाचायला लागले. डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण. दादाने चेहरा पुढे केला. उजव्या खांद्यामागे तीळ. सदरा खाली सरकवला. मग त्यांची नजर त्याच्या मनगटाच्या वर गेली. तिथे चांगला चार बोटं लांब भाजल्याचा डाग होता. "हे कधीचं?" दादा म्हणाला, "स्वैपाकघरात कामाला होतो साहेब, मागल्या वर्षी. दवाखान्यात नोंद आहे." साहेबांनी लिपिकांना सांगितलं, "आधी हे लिहून घ्या. दवाखान्याची तारीख बघून घ्या आणि मग सही घ्या." लिपिक म्हणाले, गाडीची वेळ होईल यांच्या. साहेब म्हणाले, "होऊ दे. हा डाग न लिहिता बाहेर गेला आणि परत आल्यावर कोणी विचारलं, बाहेर काय भानगड करून आलास, तर हा काय दाखवणार?"

त्या साहेबांचं नाव लिहीत नाही, पण त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी ती खूण पकडण्यासाठी नाही लिहिली, दादाला वाचवण्यासाठी लिहिली. नोंद ठेवणारा माणूस असा असला की पुढची निम्मी भांडणं होतच नाहीत.

दुसरी संचित रजा २०१८ मध्ये झाली. ती सुरळीत पार पडली असं आम्ही धरून चाललो होतो. माझे मिस्टर स्वतः त्याला जेलच्या दारापर्यंत सोडून आले होते, मुदतीच्याच दिवशी, संध्याकाळी.

मग २०२० आलं. मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे सर्वोच्च न्यायालयाने जेलमधली गर्दी कमी करण्यासाठी राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितलं. ८ मे २०२० रोजी महाराष्ट्राने १९५९ च्या नियमांत दुरुस्ती करून तातडीच्या अभिवचन रजेची सोय केली. सात वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्या बंद्याला अधीक्षकांनी ही रजा द्यायची, पण एक अट होती: मागच्या दोन रजांवरून तो वेळेवर परत आलेला असला पाहिजे. सुरुवातीला ४५ दिवस, पुढे साथरोगाची अधिसूचना लागू असेपर्यंत ३० - ३० दिवसांची वाढ. दर ३० दिवसांतून एकदा राहत्या जागेच्या पोलीस ठाण्यात हजेरी. दादाच्या दोन रजा झालेल्या, दोन्ही वेळा वेळेवर आलेला. आम्ही निर्धास्त होतो.

मुलाकाती बंद होत्या, फोन मिळायचा तेवढाच. एके दिवशी त्याचा फोन आला. "अगं, अर्ज नाकारला. मागल्या रजेवरून एक दिवस उशिरा आलो म्हणतायत." मला काही सुचेना. त्या वेळी त्या बराकींत किती माणसं होती आणि आजार कसा पसरत होता हे रोज बातम्यांत येत होतं. आईला सांगण्याची हिंमत झाली नाही.

काय झालं होतं ते आम्ही वकीलबाईंशी फोनवर बोलून हळूहळू जुळवलं. दादा त्या संध्याकाळी गेटवर पोचला तेव्हा गेटवहीत नोंद झाली, झडती झाली, आत घेतलं. पण न्यायविभाग तोवर बंद झाला होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची हिस्ट्री तिकीट हाती घेतली आणि हजर झाल्याची तारीख म्हणून त्या दिवसाची तारीख टाकली. कोणाचा काही हेतू नव्हता. रोज शेकडो नोंदी करणाऱ्या माणसाने समोरच्या कॅलेंडरवरची तारीख लिहिली. दोन वर्षं ती चूक कागदावर नुसती पडून राहिली, आणि ज्या दिवशी तिच्यावर एका माणसाचा जीव टांगला गेला त्या दिवशी वर आली.

मिस्टरांकडे एसटीचं तिकीट होतं. बाई म्हणाल्या, "त्याचा उपयोग नाही. तिकिटावरून प्रवास केला हे कळतं, आत गेला हे कळत नाही. आपल्याला गेटवही पाहिजे." त्यांनी अधीक्षकांना ईमेलने पत्र पाठवलं. मागणी एकच: अमुक तारखेची गेटवहीतली नोंद आणि हिस्ट्री तिकिटावरची नोंद समोरासमोर ठेवून बघावी. पत्रात आरोप नाही, टीका नाही, दोन ओळींत दोन तारखा. मला वाटतं काम झालं ते त्या साधेपणामुळे. अधीक्षकांनी वही मागवली. वेळ, गेटवरच्या शिपायाची सही, दादाचा अंगठा, सगळं होतं.

दुरुस्ती कशी केली ते मी पुढे दादाकडून ऐकलं आणि ते मला फार आवडलं. जुनी तारीख खोडून काळी केली नाही. तिच्यावरून लाल शाईने एक रेघ ओढली, खालची तारीख वाचता यावी अशी. वर बरोबर तारीख, बाजूला गेटवहीचा पान क्रमांक आणि दुरुस्ती करणाऱ्याची तारखेसह सही. आम्ही पतसंस्थेत हेच शिकवतो. चूक झाली हे झाकायचं नसतं, कोणी, कधी, कशाच्या आधारावर सुधारली ते दिसलं पाहिजे.

जुलैत तो घरी आला. पण सही करण्याआधी मी आणखी एका गोष्टीसाठी अडून बसले. दरम्यान आम्ही गाव सोडून तालुक्याच्या गावी राहायला आलो होतो, ठाणं बदललं होतं, आणि सुटकेच्या पत्रावर पत्ता जुनाच होता. लिपिक म्हणाले, एवढं काय, फोनवर कळवू. मी म्हटलं, "साहेब, हजेरी एका ठाण्यात आणि कागद दुसऱ्या ठाण्यात, असं झालं तर तो गैरहजर ठरेल." लाइटचं बिल, भाडेकरार, घरमालकांचं पत्र सोबत नेलं होतं. पत्ता बदलून घेतला आणि मगच सही केली.

तरी एकदा गोंधळ झालाच. जुन्या ठाण्याने कळवलं की हा बंदी आमच्याकडे हजेरीला येत नाही, आणि हजर न राहणाऱ्यांच्या यादीत दादाचं नाव आलं. ठाण्यातून बोलावणं आलं. मी माझी वही घेऊन गेले. पहिल्या हजेरीपासून मी एका शंभरपानी वहीत तारीख, वेळ आणि ठाणे अंमलदारांची सही-शिक्का घेत होते. पहिल्यांदा सही मागितली तेव्हा ते म्हणाले होते, आमच्या रजिस्टरला आहे की. मी म्हटलं, तुमच्या रजिस्टरला आहे, आमच्याकडे काही नाही. त्यांनी जरा बघितलं आणि शिक्का मारून दिला. नंतर अंमलदार बदलत गेले, पण आधीचे शिक्के बघून पुढचे आपोआप मारत गेले. त्या दिवशी ती वही टेबलावर ठेवली आणि साहेबांनी तिथूनच फोन लावला.

हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आमच्या ओळखीचं दुसरं एक कुटुंब आहे, त्यांचा मुलगाही त्याच वेळी सुटला होता. रानात वस्तीवर राहणारी माणसं. दिलेला मोबाइल नंबर रिचार्जअभावी बंद पडला होता, पत्त्यावर नुसतं गावाचं नाव. २०२२ च्या मे महिन्यात सरकारने तातडीची रजा संपल्याचं जाहीर केलं आणि सगळ्यांना ठरावीक मुदतीत परत बोलावलं. आम्हाला जेलमधून फोन आला, ठाण्यातूनही निरोप आला, दादा मुदतीत गेला. त्या मुलाला कोणी कळवलंच नाही, निदान त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही. तो कुठेही पळाला नव्हता, ऊस तोडायला गेला होता. भारतीय दंड संहितेच्या कलम २२४ खाली, म्हणजे कायदेशीर अटकेतून पळाल्याचा, गुन्हा दाखल झाला. एक नवा खटला, माफी कापली, आणि पुढच्या प्रत्येक रजेच्या अर्जावर तो शेरा. जो खरोखर पळून गेला तो आणि हा, कागदावर दोघं एकच. पोलिसांचंही यात नुकसान आहे, कारण खऱ्या फरारीमागे जाणारं मनुष्यबळ अशा पोरांची घरं शोधण्यात जातं.

नोंदी अचूक असाव्यात म्हणजे वाटेल ते सगळं लिहून ठेवावं, असं मात्र माझं म्हणणं नाही. जेलच्या रजिस्टरात जातीचा रकाना असायचा. तो कशाला लागतो? ओळख पटवायला तर नाही. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेलमधला जातीवरून होणारा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि रजिस्टरांतला हा रकाना काढून टाकायला सांगितलं. मला तो निकाल वाचून फार बरं वाटलं. याउलट भाजल्याचा डाग, बदललेला पत्ता, चालू असलेला नंबर, हे लिहायला जागा कमी पडते म्हणून राहून जातं.

आणि आता नोंदीतल्या चुकीचं आयुष्यही वाढलंय. १९२० चा कायदा जाऊन ४ ऑगस्ट २०२२ पासून नवा फौजदारी प्रक्रिया ओळख कायदा लागू झाला. बोटांचे, तळहातांचे, पावलांचे ठसे, फोटो, डोळ्याच्या बुबुळाचं स्कॅन, एवढं घेता येतं आणि राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राकडे ते ७५ वर्षं राहतं. ठशांनी माणसांची अदलाबदल टळेल हे मी मानते. पण ठसा कोणाच्या नावाला, कोणत्या वडिलांच्या नावाला, कोणत्या शेऱ्याला जोडला हे शेवटी कोणीतरी हाताने टंकतं. तिथे ज्ञानोबाचा ज्ञानदेव झाला नसेल तर ठसा कितीही स्पष्ट असो, आम्ही परत कोर्टाच्या दारात. बंद्याला स्वतःची नोंद वर्षातून एकदा वाचून दाखवावी, चूक असेल तर तिथेच लिहून घ्यावी आणि पोच द्यावी, अशी पद्धत प्रत्येक जेलमध्ये असावी असं मला मनापासून वाटतं. त्याला नवा कायदा लागत नाही, कोट्यवधी रुपये लागत नाहीत. एक तासाचं काम आहे.

सध्या दादाच्या मुदतपूर्व सुटकेचं प्रकरण तयार होतंय. जन्मठेपेच्या अशा बंद्याला चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगवास झाल्याशिवाय त्याचा विचार होत नाही, आणि तातडीच्या रजेची जवळपास दोन वर्षं त्यातून वजा होतात. न्यायाधीन असतानाचा, म्हणजे खटला चालू असताना आत काढलेला, काळ मिळवायचा, अभिवचन रजा वगळायची, संचित रजा वेगळी दाखवायची. जेलने केलेला तक्ता वकीलबाईंनी मागवून घेतला आणि मी तो माझ्या वहीशी ओळीन् ओळ ताडून पाहिला. २०२० च्या जुलैमधली सुटकेची तारीख एक दिवस आधीची पडली आहे. एक दिवसच आहे, पण तो शिक्षेत धरला जायला हवा. सुटकेच्या पत्राची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज दिलाय, आवक क्रमांक घेतलाय, आणि पुढच्या सोमवारी विचारायला जाणार आहे.